शेरा

त्या झोपडीत एकही लोखंडी खिळा नव्हता.
पाइनच्या फळ्या, तांब्याचे खिळे, पितळी कडी,
आणि आत एका रेशमी धाग्याला
टांगलेली सुई,
माझ्या करंगळीपेक्षाही लहान.

आत जाण्याआधी आई बर्फात उभी राहून
एकेक लोखंड उतरवायची:
केसांतल्या पिना, किल्ल्या, कोटाचा हूक,
टाचेला नाल मारलेले बूट.
मग लोकरी मोज्यांनी आत.

बाबांना आत जाता येत नसे.
त्यांच्या मांडीत युद्धाचा एक तुकडा राहिला होता.
डॉक्टर म्हणाले, असू द्या, काढताना पाय जाईल.
पिनेसारखा तो उतरवून
दाराबाहेर ठेवता येत नव्हता.

म्हणून चौदा हिवाळे
आई आतून आकडे सांगायची
आणि बाबा वीस पावलांवर, ओंडक्यावर बसून
वहीत उतरवून घ्यायचे.
शाई गोठते, म्हणून पेन्सिल.
"तेक्ला, पुन्हा सांग."
"शून्य दशांश चार."
मला वाटायचं, सगळ्यांचेच आईबाप
असे दाराआडून, दशांशांत बोलतात.

अठ्ठावन्न सालचा फेब्रुवारी.
लापलँडचा सूर्य तेव्हा
आजारातून नुकत्याच उठलेल्या माणसासारखा
क्षितिजाला धरून धरून चालतो.
दीड दिवसापूर्वी त्याच्या अंगावर काहीतरी फुटलं होतं,
आम्हांला कुठला पत्ता?
अब्जावधी टन तापलेला वायू
पंधरा कोटी किलोमीटर तुडवत
आमच्याच रोखानं निघाला होता.
त्याच्या लेखी तो एक उसासा.

आधी टेलिफोन वाजला, पलीकडे कुणीच नसताना.
मग टपाल कचेरीतल्या बाई
हात झटकत बाहेर आल्या: तारेतून ठिणगी.
मग आकाश लाल झालं.
हिरवं आमच्या ओळखीचं होतं.
कोल्हा डोंगरावरून पळतो,
शेपटीनं बर्फ उडवतो, त्याची ती आग,
असं आमच्याकडे म्हणतात.
पण हे लाल, थेट डोक्यावर, भाजलेल्या कातडीसारखं.
शेजारचा आन्सेल्मी बादली घेऊन धावत सुटला,
कुणाचं कोठार पेटलंय, ते शोधत.

बाबा ओंडक्यावर. पेन्सिल तयार.
आतून आकडे येत होते, भराभर,
मग अडखळत,
मग नुसता श्वास.
"तेक्ला?"
"पट्टीच्या बाहेर गेली."
"पुन्हा सांग."
"सांगण्यासारखं काही नाही. ती थांबतच नाही."

कडी वाजली. आई दारात, केस मोकळे.
"यालमारी, आत ये."
"माझा पाय—"
"आज तुझ्या पायाला कोण विचारतो!"

देवळात शिरावं तशी टोपी काढून
ते वाकून आत गेले. मी मागोमाग.
तांब्याच्या कंदिलाच्या उजेडात
सुई वेड लागल्यासारखी थरथरत होती.
बाबांनी लंगडा पाय तिच्या जवळ नेला,
मग दूर.
तिनं ढुंकूनही पाहिलं नाही.
ते हसले. मी त्यांना तसं हसताना
त्याआधी पाहिलं नव्हतं.

पुढे शाळेत कळलं:
आपल्या पायांखाली, तीन हजार किलोमीटर खोल,
वितळलेलं लोखंड रात्रंदिवस घुसळतं आहे.
त्यातून उठून काहीतरी, न दिसणारं,
पृथ्वीभर उभं राहतं.
सूर्याच्या बाजूला ते चेपतं,
पाठीमागे लांबच लांब ताणलं जातं,
पण सगळं अंगावर घेतं,
आपल्याला झळ लागू देत नाही.
त्यातून निसटलेलं थोडं दोन टोकांना सांडतं,
आणि आपण मान वर करून म्हणतो, काय सुंदर!

मास्तर हे शिकवत होते
आणि माझ्या डोळ्यांपुढे एक मांडी होती,
गुडघ्याच्या वर, डावीकडे.

दुसऱ्या दिवशी सुई शांत झाली.
बाबा पुन्हा ओंडक्यावर, वीस पावलांवर.
ती वही आता माझ्याकडे आहे.
त्या रात्रीच्या पानावर आकडे कमी, खाडाखोड फार,
आणि शेऱ्याच्या रकान्यात आईचं अक्षर,
नियमाला धरून, काहीही न लपवता:

"दुसरे निरीक्षक आत होते.
सोबत लोखंड, अंदाजे नऊ ग्रॅम.
परिणाम आढळला नाही."